दार लावायचा सण

आमच्या गल्लीत वर्षातून एकदा घरोघर माफी मागत फिरणारा एकच माणूस होता, आणि तो येताना दिसला की लोक मागच्या दारानं पळत.

ते माझे घरमालक. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, म्हणून सगळ्या गोंदियाला ते गार्डसाहेब. माफी मागायला म्हणून येत आणि जुनं भांडण पुन्हा पहिल्यापासून उकरून काढत. दूधवाल्याला म्हणत, "तुला मी श्रावणात चोर म्हणालो. चुकलं माझं, माफ कर. पण दुधात पाणी होतं, ते मी मागे घेत नाही." दूधवाला बिचारा हात जोडून म्हणे, "माफ किया साहब, माफ किया, अब जाने दो." तर हे म्हणत, "असं नाही. मनापासून म्हण." मग तो मनापासून म्हणेपर्यंत त्याच्या सायकलचं हँडल धरून उभे. दुधाची वाट पाहत बसलेल्या बाया आपापल्या दारातून ओरडत, "अवो गार्डसाहेब, सोडा ना त्याले!"

एका बकरीचीही त्यांनी माफी मागितली होती. तिला काठी फेकून मारली होती म्हणून. गल्लीतली पोट्टी हसली, समोरच्या ओसरीवरून कुणीतरी म्हणालं, "बकरीले काय समजते?" गार्डसाहेब तिकडं न पाहताच म्हणाले, "तुला समजतं, म्हणून तू तरी कुठं माफ करतोस?"

तो समोरचा कोण, ते पुढं येईलच.

मी दवनीवाड्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा गोंदियात खोली शोधत फिरत होते. खोली मिळायच्या आधी जात सांगावी लागते, हे शहाण्याला सांगायला नको. तीन ठिकाणी माझं आडनाव ऐकून खोली "कालच गेली" होती. गार्डसाहेबांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं काय, तर, "भांडता येतं का?" म्हटलं, "येते ना. पण सुरुवात मी करत नाही." ते खूश झाले. म्हणाले, "सुरुवात मी करतो. ये राहायला." सामान लावताना माझ्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो पाहिला, खिळा वाकडा बसलाय म्हणून स्वतः हातोडी आणून सरळ ठोकला, आणि जाताना म्हणाले, "आमच्या अलिबागकडं आम्हाला शनवार तेली म्हणायचे, मास्तरीणबाई. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. कोण आहेत हे विचारायच्या आधी गावानं नाव ठेवून टाकलेलं. मला या गोष्टीत नवीन काही सांगू नकोस."

ते यहुदी होते. पण गल्लीला ते काही केल्या पचत नव्हतं. टोपी घालतात म्हणून काही जण मुसलमान समजत, मराठी बोलतात म्हणून काही जण बामण समजत. आमच्या शेजारच्या कुंदाबाईंनी एकदा सरळच विचारलं, "अजी गार्डसाहेब, यहुदी म्हंजे ओबीसीत येते का एनटीत?" गार्डसाहेब म्हणाले, "दोन्हीत नाही. आम्ही वेटिंग लिस्टवर आहोत."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इस्रायलला. दर शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगत, "नाही येत म्हटलं ना! तिथं मी भांडू कुणाशी? माझी सगळी भांडणं इथं आहेत."

त्यांच्या घराचं दार. हे सांगितल्याशिवाय गार्डसाहेब समजायचे नाहीत. ते दार सदा उघडं. जेवताना उघडं, दुपारी झोपताना उघडं. दारात खुर्ची, खुर्चीत गार्डसाहेब, आणि आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेल्या दोन झेंड्या, एक हिरवी आणि एक लाल. नोकरीतल्याच. पाहुणा जायला निघाला की हे पायरीवर उभे राहून हिरवी दाखवत. त्याशिवाय जायचं नाही. एकदा माझे बाबा गावाहून आले होते आणि झेंडी न पाहताच निघाले. गार्डसाहेबांनी त्यांना कोपऱ्यावरून परत बोलावलं, पायरीपाशी उभं केलं, हिरवी दाखवली आणि मग जाऊ दिलं. बाबा घरी जाऊन आईला म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी आहे. मालक थोडा सटकेल आहे." लाल झेंडी होती क्रिकेटच्या पोरांसाठी, गाईंसाठी, आणि वर्गणी मागायला येणाऱ्या मंडळवाल्यांसाठी.

असं हे दार वर्षातून एक दिवस बंद व्हायचं. कधी गणपतीत, कधी दसऱ्याच्या आसपास. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चांद काय दोन आहेत का? तुमची दशमी तीच आमची दशमी. महिना तेवढा मागेपुढे होतो." त्यांच्या लोकांत त्याला दारफळणीचा, म्हणजे दार लावायचा, सण म्हणत. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. वर्षभराचा हिशेब देवापुढं मांडायचा आणि माफ कर म्हणायचं.

मला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. मी गावाहून सकाळी परतले तर दार बंद! दुधाची पिशवी बाहेर, पेपर बाहेर. मी हाका मारल्या. काही नाही. कडी वाजवली. काही नाही. जो माणूस झोपेत घोरताना दार उघडं ठेवतो, त्याचं दार बंद म्हणजे दुसरं काय समजायचं? मी बोंब ठोकली. दर साली या दिवशी दार बंद दिसलं की ते अलिबागला गेले असतील असं समजणारी गल्ली माझ्या बोंबेनं गोळा झाली. कुंदाबाई रडायलाच लागल्या, "गेला वो माय, चांगला मानूस गेला! कालच भांडला माह्याशी!" दोघा-चौघांनी खांदा लावला आणि कडीसकट दार आत पडलं.

आत गार्डसाहेब उभे. पांढरा झब्बा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर पांढरी शाल. आमच्याकडं असं पाहिलं की मी आजतागायत कुठल्या इन्स्पेक्टरला तशी घाबरले नाही. तोंडातून एक शब्द नाही! बोलायची सोयच नव्हती. वर्षभराच्या शिव्या त्यांच्या घशात दाटल्या होत्या आणि नेमका त्याच दिवशी देव समोर बसला होता. शेवटी त्यांनी स्वतः खाट ओढली, दाराच्या जागी उभी केली आणि खाटेच्या नवारीमागं पुन्हा प्रार्थनेला लागले. आम्ही एकमेकांची तोंडं पाहत पांगलो.

समोरच्या ओसरीवर एक म्हातारा हे सगळं पहिल्यापासून पाहत बसला होता. त्याला सगळं माहीत होतं, पण तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. आता मात्र मांडीवर थाप मारून हसत होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दार बसवायला सुतार आला, तो गार्डसाहेबांनी बोलावलेला नव्हता. "कुणी पाठवलं?" विचारलं तर समोरच्या ओसरीकडं पाहून म्हणाला, "नाव सांगायचं नाई म्हनलं."

उपासाचं लोकांना कळलं तेव्हा दुसरीच पंचाईत झाली. आमच्याकडं उपास म्हणजे साबुदाणा, भगर, शिंगाड्याचा शिरा. एरवीपेक्षा चार घास जास्तच. पुढच्या वर्षी कुंदाबाई साबुदाण्याची उसळ घेऊन बंद दारासमोर उभ्या. "गार्डसाहेब, उपासाचंच आहे जी! सेंधं मीठ टाकलं!" मी समजावलं की त्यांना काहीच चालत नाही. "चहा?" नाही. "केळ?" नाही. "पानी तं चालन?" तेही नाही. कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! गजब कडक देव हाये वो यायचा." दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा सण, उपासानंतरचा वाटावाटीचा दिवस. त्या दिवशी गार्डसाहेब स्वतः केलेल्या करंज्या घरोघर वाटत, त्या दाताखाली कडाकडा फुटत. कुंदाबाई म्हणत, "उपास देवानं कडक केला, अन् करंज्या यायनं."

आता समोरचा म्हातारा. तो ड्रायव्हर. म्हणजे मालगाडीचा रिटायर ड्रायव्हर, जातीनं पोवार, तिरोड्याकडचा. सगळे त्याला ड्रायव्हरबाबू म्हणत. दोघं एका गाडीवर वर्षानुवर्षं राबले होते, एक इंजिनात आणि एक शेवटच्या डब्यात. घरं घेतली तीही समोरासमोर, दोस्तीत. आणि मग बोलणं बंद.

झालं होतं असं. दरेकसाच्या जंगलात एकदा त्यांची मालगाडी उभी राहिली. एका डब्याचं चाक तापल्यासारखं वाटलं म्हणून गार्डसाहेब खाली उतरून पाहायला गेले. पुढं सिग्नल मिळाला. आता रेल्वेचा नियम साधा आहे: सिग्नल मिळो नाहीतर आणखी काही, मागून गार्डाची हिरवी झेंडी दिसल्याशिवाय ड्रायव्हरानं गाडी हलवायची नाही. ड्रायव्हरबाबूंनी झेंडी न पाहताच गाडी काढली. गार्डसाहेब रुळाच्या बाजूला झेंडी हातात घेऊन उभे, आणि त्यांचीच गाडी त्यांच्यासमोरून निघून गेली! मागच्या पॅसेंजरनं ते गोंदियाला आले. दरेकसाजवळच कचारगडला गोंडांची यात्रा भरलेली, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी त्यांच्या कपाळाला हळद लावली, हातात नारळाचा तुकडा दिला. तशा अवतारात ते स्टेशनावर उतरले तर ड्रायव्हरबाबूंनी गोष्ट आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेली. "गार्डाले वाघासाठी ठेवून आलो!" सगळं स्टेशन हसलं.

गार्डसाहेबांनी रिपोर्ट लिहिला. चौकशी झाली, ड्रायव्हरबाबू सस्पेंड झाले, आणि परत घेतले तेव्हा यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला टाकले. त्यांना मालगाडी सोडून प्रवाशांची मेलगाडी चालवायची होती. नाव लागायच्याच बेतात होतं. ती मेल राहून गेली ती राहूनच गेली. रिटायर झाल्यावरही लांबून मेलची शिट्टी ऐकू आली की ते बोलता बोलता थांबत. मी स्वतः पाहिलंय.

तर दर वर्षी, दार लावायच्या संध्याकाळी, सगळ्या गल्लीची माफी मागून झाली की गार्डसाहेब शेवटी समोर जात. पायरीच्या खाली उभे राहत.

"माफ कर."

"काहाची?"

"रिपोर्टाची."

"रिपोर्ट खरा होता का खोटा?"

"खरा होता."

"मंग काहाची माफी? जा."

असं तीनदा विचारायचं, तशी रीत. तीनदा "जा" ऐकून गार्डसाहेब परत येत आणि धाडकन दार लावून घेत. मी एकदा विचारलं, "एवढं देवापुढं उपाशी बसता, तो माफ नाही का करत?" तर म्हणाले, "देवाचा गुन्हा देव माफ करतो, मास्तरीणबाई. माणसाचा गुन्हा माणसानंच माफ करायचा. तिथं देवाचीही शिफारस चालत नाही. दर साली माझा उपास अर्धा राहतो."

"पण तुम्ही खोटं थोडीच लिहिलं?"

त्यावर हळूच म्हणाले, "खरं लिहिलं, त्याची माफी नाही मागत मी. लिहिताना मला बरं वाटलं, त्याची मागतो."

"मग हे त्यांना सांगा ना!"

"हे कसं सांगायचं?" एकदम भडकले. "तू जा, वह्या तपास तुझ्या!"

जो माणूस बकरीला माफ कर म्हणतो, त्याला एवढं एक वाक्य बोलवत नव्हतं. मला राग यायचा. दोघांचाही. दोन म्हातारे, समोरासमोर दारं, एकाची दाढ दुखली तर दुसऱ्याची झोप उडते, आणि बोलत काऊन नाहीत? ड्रायव्हरबाबूंच्या बायकोला, काकूंना, मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, "राहू दे वो पोरी. यायनं माफ केलं तं तो पुढच्या साली येईन का दारावर?"

एका वर्षी दशमी नेमकी दसऱ्याला जुळून आली. त्याच सुमारास ड्रायव्हरबाबूंच्या छातीत कळा येऊ लागल्या होत्या. डॉक्टरनं नागपूरला बायपास सांगितली. भिलाईहून मुलगा जीप घेऊन आला. दसऱ्याच्या सकाळी निघायचं ठरलं. ऑपरेशनचं नाव ऐकून काकूंचं अवसान गळालं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्यांची बॅग भरायला गेले होते. ड्रायव्हरबाबू ओसरीवर लोडाला टेकून. चेहरा उतरलेला, पण तोंड शाबूत. मला म्हणाले, "मास्तरीन, दोन लुंग्या टाकजो. मेलो तं एक वापस आनता येईन."

ऊन उतरलं आणि गार्डसाहेब आले. पांढरे कपडे. पायरीखाली उभे राहिले.

"माफ कर."

"काहाची?" ड्रायव्हरबाबूंनी दर सालच्या सवयीनं विचारलं.

गार्डसाहेब रिपोर्टाची म्हणाले नाहीत. टोपी सारखी केली, पुन्हा सारखी केली. मग एका दमात बोलले. "तू मला जंगलात सोडून गेलास, ते मी त्याच दिवशी विसरलो असतो. तू स्टेशनावर हसवलंस. तुझं मेलवर नाव लागणार आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून लिहिलं. एक ओळ पुरली असती, मी पानभर लिहिलं. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं, आणि मला मजा वाटली. त्या मजेची माफी मागतो. माफ कर."

ड्रायव्हरबाबूंनी पाठीमागचा लोड सरळ केला.

"माफ कर," गार्डसाहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

काकू दारात आल्या. माझ्या हातात लुंगी तशीच.

"माफ कर."

"जा" नाही, "हो" नाही. ड्रायव्हरबाबूंनी फक्त पश्चिमेकडं पाहिलं आणि म्हणाले, "दिवस बुडून राहिला. तुह्या दाराची वेळ झाली."

गार्डसाहेब वळले. गल्ली ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की जसं काही मोठं पटांगण ओलांडत होते. त्या दिवशी दार धाडकन लागलं नाही. हळूच लागलं. मला ते जास्त लागलं.

दसऱ्याची सकाळ. दारादारावर झेंडूची तोरणं, पोरं आपट्याची पानं घेऊन पळतायत, आणि गार्डसाहेबांचं दार बंद. ड्रायव्हरबाबूंना धरून जीपमध्ये पुढं बसवलं. काकू मागं बसल्या. सगळी गल्ली पोचवायला जमलेली. मुलानं जीप सुरू केली आणि ड्रायव्हरबाबूंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब."

"काय झालं, बाबूजी? दुखते का?"

"गार्डानं हिरवी दाखवली नाई अजून."

मुलाला काही कळेना. "आता काहाची झेंडी? चला ना, डॉक्टर वाट पाहून राहिले."

"एकदा बिनझेंडीची गाडी काढली मी," ड्रायव्हरबाबू म्हणाले. "आता नाई काढत."

काकू मागून म्हणाल्या, "अजी, ते आज बोलत नाईत. तुमाले मालूम आहे ना?"

"बोल म्हनलं का मी? झेंडी दाखव म्हनलं."

ज्या चुकीवरून सगळं मोडलं, ती चूक हा माणूस इथं, आजारी छातीनिशी, पोरगा घाई करत असताना, दुरुस्त करून राहिला होता. मी धावत गेले, बंद दाराला तोंड लावून म्हटलं, "गार्डसाहेब, ड्रायव्हरबाबू निघालेत. झेंडी पाहिल्याशिवाय गाडी काढणार नाही म्हणतात."

आत काही हालचाल नाही. मी कान लावला. प्रार्थनेचं पुटपुटणं थांबलं होतं एवढंच.

ड्रायव्हरबाबूंनी हात लांब करून हॉर्न दाबला. एकदा. वाट पाहिली. पुन्हा एकदा.

दार हललं नाही. दाराशेजारची खिडकी उघडली. कुणी वर्षानुवर्षं न उघडलेली, गंजलेली, ती किरकिरत अर्धीच उघडली. तिच्यातून आधी पांढरी बाही बाहेर आली आणि मग हिरवी झेंडी. चेहरा दिसला नाही. झेंडी मात्र नीट, नियमाप्रमाणं, डावी-उजवीकडं हलत राहिली.

ड्रायव्हरबाबूंनी लांब हॉर्न दिला. इतका लांब की कुंदाबाईंची कोंबडी उडाली. मग मुलाला म्हणाले, "चाल आता. लाइन मोकळी आहे."

जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत झेंडी हलत होती. मी रडले. सरळ सांगते, तोंडाला पदर लावून हुंदके देऊन रडले, आणि कुंदाबाई माझ्या हातात आपट्याची पानं कोंबत "सोनं घे वो, सोनं घे" म्हणत त्याही रडत होत्या.

ड्रायव्हरबाबू धडधाकट परत आले. पुढं बरीच वर्षं जगले दोघंही, आणि आता दोघंही नाहीत. परत आले त्या दिवशी गार्डसाहेब करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्या ओसरीवर चढले. पायरीखाली थांबले नाहीत, थेट वर चढले. ड्रायव्हरबाबूंनी करंजी तोंडात घातली, चावून पाहिली, बाहेर काढली, आणि बोटात धरून विचारलं, "का गा गार्ड, दाराचा सण अन् त्या दिवशी तू बाहेर झेंडी दाखवली. तुहा उपास मोडला असन ना?"

"कुठं मोडला?" गार्डसाहेब म्हणाले. "दार बंदच होतं. आणि या साली उपास पहिल्यांदा पूर्ण झाला. तू ती करंजी खा गुमान."